बोली कमी, बाजी कोणाची?

लिलाव म्हटला की काय आठवते? 'पाचशे एक वार... पाचशे दोन वार...!' जो जास्त बोली लावेल, त्याची वस्तू. पण बोली वर चढण्याऐवजी खाली उतरत गेली तर?

अशाच उलट्या लिलावावर अमेरिकेत एक टीव्ही मालिका निघाली, 'शिपिंग वॉर्स'. 'ए अँड ई' वाहिनीवर ती जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली.

तिची रीत अशी. कोणाला तरी एखादी अवजड, वेड्यावाकड्या आकाराची वस्तू दूर पाठवायची असते. भलामोठा पुतळा म्हणा, बोट म्हणा. नेहमीच्या वाहतूक कंपन्या असल्या मालाला सहसा हात लावत नाहीत. मग टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातील 'यूशिप' कंपनीच्या संकेतस्थळावर मालक ते काम नोंदवतो. स्वतःची गाडी असलेले चालक आपापला भाव सांगतात. एकाहून दुसरा कमी, दुसऱ्याहून तिसरा कमी! मालक भाव बघतो, चालकाने आधीची कामे कशी केली तेही बघतो आणि एकाला निवडतो.

म्हणजे तो जिंकला? थांबा, आधी हिशेब करू. समजा, १००० मैलांचे काम कोणी १६०० डॉलरांत घेतले. जाण्यायेण्याचे डिझेल ७५०, माल चढवणाऱ्या हमालांचे ३००, परवान्याचे १५०, जेवणखाण आणि मुक्काम ३५०. उरले किती? फक्त ५० डॉलर! वाटेत एखादा टायर फुटला की तेही गेले. म्हणून तर आपल्याकडचे ट्रकवालेही परतीचे भाडे शोधत असतात. रिकामी गाडी आणली तरी डिझेल लागतेच ना!

बरं, 'रात्रंदिवस गाडी पळवून वेळ वाचवू' म्हणाल, तर तेही जमत नाही. अमेरिकेत मालट्रकचालकाला सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर जास्तीत जास्त ११ तासच गाडी चालवता येते. माल साडेआठ फुटांपेक्षा रुंद असेल, तर खास परवाना लागतो. नियम कडक आहेत, पण झोपाळलेल्या चालकाच्या हातात अवजड ट्रक म्हणजे रस्त्यावरच्या सर्वांच्याच जिवाशी खेळ.

कॅमेरा मात्र सगळेच दाखवत नाही बरं का! सरळ रस्त्यावरचे कंटाळवाणे तास कोण बघणार? ते कापले जातात. अडकलेला माल, चुकलेला रस्ता, वैतागलेला मालक, हे राहते. इतर चालक मधूनमधून टोमणे मारतात, म्हणजे चुरस आणखी वाढते.

पण शेवटी पडद्यावर येतो तो हिशेब: मिळाले किती, खर्च किती, उरले किती. खरी हारजीत तिथे कळते. बोली हरून घरी बसलेला चालक कधी कधी जिंकलेल्यापेक्षा फायद्यात असतो!

आता तुम्ही सांगा पाहू. वरच्या कामात येताना ४०० डॉलरांचे परतीचे भाडे मिळाले आणि टायरला २५० लागले, तर हाती किती उरतील? आणि तेवढ्यासाठी तुम्ही घेतले असते का ते काम?