एका शब्दाचा भार

रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात काही प्रवासी भिंतीपाशी उभे राहून आपापले मोबाइल चार्ज करीत असतात. शेजारच्या बाकावर कोणी वृत्तपत्र वाचत असतो. त्यात एका प्रकरणी चार्जशीट दाखल झाल्याची बातमी असते आणि दुसऱ्या पानावर जमावावर लाठीचार्ज झाल्याची. चौकशीच्या खिडकीवर ‘इनचार्ज आल्यावर विचारा’ असे उत्तर मिळते. तिकीट रद्द करावे, तर त्याचा चार्ज कापला जातो. पाव तासात एकच इंग्रजी शब्द पाच वेळा कानी पडतो आणि पाचही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो.

अशा वेळी शिकणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो, की वीज, पैसा, गुन्हा, हल्ला आणि अधिकार यांचा एकमेकांशी काय संबंध? हे अर्थ सुटे सुटे पाठ करावयाचे, की त्यांना जोडणारा काही धागा आहे?

धागा आहे, आणि तो एका गाडीला बांधलेला आहे. लॅटिन भाषेत गाडीला ‘कारुस’ म्हणत. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’, म्हणजे गाडीत ओझे भरणे, हे क्रियापद झाले. फ्रेंच भाषेत त्याचे रूप बदलले. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर राज्यकारभारात फ्रेंच भाषेचा वावर वाढला, आणि पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास ‘चार्ज’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. मोटारीला आपण ‘कार’ म्हणतो आणि जहाजातील मालाला ‘कार्गो’ म्हणतो. हे शब्दही त्याच कुळातील आहेत.

म्हणजे ‘चार्ज’ या शब्दाच्या मुळाशी ओझे आहे. गाडीवरचे हे ओझे हळूहळू माणसाच्या खांद्यावर आले. कामाचे ओझे सोपविले, की ती जबाबदारी झाली. पैशाचे ओझे घातले, की तो आकार किंवा शुल्क झाले. गुन्ह्याचे ओझे माथी ठेवले, की तो आरोप झाला. बंदुकीत ठासून भरलेल्या दारूलाही ‘चार्ज’ म्हणू लागले, आणि शत्रूवर तुटून पडण्यालाही तोच शब्द लागू झाला.

विजेचा अर्थ या दारूगोळ्याच्या अर्थामागून आला. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात वीज साठविणारी ‘लायडन बरणी’ तयार झाली. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी तिच्यावर प्रयोग केले. बंदुकीत दारू भरावी, तशी बरणीत वीज भरावयाची, म्हणून तोच शब्द त्यांनी आपल्या लेखनात वापरला. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्यावर त्यांना ‘बॅटरी’ हे नाव मिळाले. बॅटरी म्हणजे मुळात तोफांचा समूह! आज आपण मोबाइलची बॅटरी चार्ज करतो, तेव्हा नकळत तोफखान्यातील दोन शब्द उच्चारीत असतो.

आता आपल्या भाषेकडे वळू या. ‘चार्ज’ या एका शब्दाऐवजी मराठीत अनेक शब्द वापरले जातात. पण ते नीट न्याहाळले, तर एक नवल दिसते. विजेच्या संदर्भात आपण ‘प्रभार’ म्हणतो. अधिकारपदाच्या संदर्भात ‘कार्यभार’ किंवा ‘पदभार’ म्हणतो आणि तो सांभाळणारा ‘प्रभारी’ असतो. मूळ करावर जादा रक्कम लावली, तर तो ‘अधिभार’ होतो. सर्वत्र ‘भार’ आहेच. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही ‘वर ठेवणे, चढविणे’ असाच आहे. दूरच्या दोन भाषांनी एकच कल्पना केली, कारण ओझे वाहण्याचा अनुभव सर्व माणसांचा सारखाच असतो.

शब्दाचा नेमका अर्थ कळणे ही केवळ परीक्षेपुरती बाब नाही. त्यावर आपले पैसे, जमीन आणि कधी कधी एखाद्याची अब्रूही अवलंबून असते. विजेच्या बिलावर ‘फिक्स्ड चार्ज’ अशी एक नोंद असते. मराठी बिलात तिला ‘स्थिर आकार’ म्हणतात. महिनाभर घर बंद असले आणि एक युनिटही वीज वापरली नसली, तरी ही रक्कम भरावी लागते. हे ठाऊक नसलेल्या ग्राहकाला बिल चुकले, असे वाटते.

जमिनीच्या व्यवहारात हा शब्द आणखी जपून वाचावा लागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात ‘चार्ज’ म्हणजे शुल्क नव्हे. एखाद्या रकमेच्या फेडीसाठी स्थावर मालमत्ता तारण ठरते, तेव्हा तिच्यावर ‘चार्ज’ असतो. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर कर्जाची अशी नोंद ‘बोजा’ या शब्दाने केलेली आढळते. जमीन विकत घेणाऱ्याने हा बोजा पाहिला नाही, तर दुसऱ्याच्या कर्जाचे लचांड त्याच्या गळ्यात पडू शकते. कर्ज फेडणाऱ्यानेही बोजा कमी केल्याची नोंद झाली किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी.

चार्जशीटविषयी तर मोठाच गैरसमज आहे. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, हा पोलिसांनी तपास पूर्ण करून न्यायालयाला सादर केलेला अहवाल होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आरोप निश्चित करणे हे न्यायालयाचेच काम आहे. त्यानंतर खटला चालतो, पुरावे तपासले जातात आणि अखेरीस निकाल लागतो. म्हणून ज्याच्यावर चार्जशीट दाखल झाली, तो दोषी ठरला, असे समजणे चूक आहे. माथ्यावर ओझे ठेवले गेले आहे. ते त्याचेच आहे, हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे.

मग योग्य अर्थ ओळखावा कसा? शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे, ते पाहावे. ‘चार्ज्ड फॉर’ असे असेल, तर बहुधा पैशाची गोष्ट चालली आहे. ‘चार्ज्ड विथ’ असेल आणि पुढे गुन्ह्याचे नाव असेल, तर तो आरोप आहे. ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य. एक बारीक भेदही ध्यानात ठेवावा. परिचारिका बालकाच्या ‘इन चार्ज ऑफ’ असते, म्हणजे ती त्याला सांभाळते. बालक मात्र परिचारिकेच्या ‘इन द चार्ज ऑफ’ असते, म्हणजे तिच्या स्वाधीन असते. एका लहानशा ‘द’मुळे सांभाळणारा कोण आणि सांभाळला जाणारा कोण, हे उलटते.

अनेक अर्थांच्या शब्दांना भिण्याचे कारण नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो आणि वेळही लागतो. ‘लागणे’ या क्रियापदाचे हे सारे अर्थ आपण कोणत्याही कोशावाचून बरोबर ओळखतो, कारण ते आपण सुटे शिकलो नाही, वाक्यांतून शिकलो. परभाषेतील शब्दही असाच वाक्यासह शिकावा. आणि ज्या कागदावर आपली सही व्हावयाची आहे, त्यावरील शब्दाचा अर्थ तर विचारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाठान्त प्रश्न

१. ‘चार्ज’ या शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांना जोडणारी मूळ कल्पना कोणती, ते सोदाहरण लिहा.
२. चार्जशीट दाखल होणे आणि दोषी ठरणे यांतील फरक स्पष्ट करा.
३. ‘बसणे’ हे क्रियापद निरनिराळ्या अर्थांनी वापरून पाच वाक्ये तयार करा.
४. आपल्या घरी आलेल्या एखाद्या बिलावर ‘चार्ज’ किंवा ‘आकार’ हा शब्द कोठे कोठे आला आहे, ते शोधा व प्रत्येक नोंदीचा अर्थ लिहा.