ढोलीतील संसार (लेखांक 6) : टूकनचा आप्त, तांबट

मागील लेखांकात ज्याचा परिचय करून दिला, त्या राखी धनेशाची मोठी वाकडी चोच पाहून अमेरिका खंडातील टूकन हा त्याचाच भाऊबंद असावा असे अनेकांना वाटते. परंतु हे साम्य अभिसारी उत्क्रांतीचे, म्हणजे दूरचे नाते असलेल्या जीवांत सारख्या गरजांमुळे सारखे अवयव घडण्याचे, उदाहरण आहे. धनेश हा हुदहुदाच्या नात्यातला, तर टूकन सुतार पक्ष्यांच्या गणातला असून, कोराडी-नागपूर परिसरात वड, पिंपळ आणि उंबर पिकले की हजर होणारा तांबट हा टूकनचा खरा आप्त होय.

जेमतेम 17 सेंटिमीटर लांबीच्या या हिरव्या पक्ष्याचे कपाळ लाल व गळा पिवळा असतो आणि टूकनप्रमाणेच त्याच्या पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे वळलेली असल्यामुळे उभ्या खोडाला तो घट्ट बिलगू शकतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा ‘टुक्-टुक्’ आवाज मिनिटाला शंभराहून अधिक वेळा येतो. त्या वेळी चोच मिटलेली असते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी प्रत्येक ठोक्यासरशी फुगून ओसरते.

घरट्याच्या बाबतीत मात्र या आप्तांच्या रीती थोड्या वेगळ्या आहेत. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील दमट डोंगराळ जंगलांत राहणारा छोटा हिरवा टूकन बहुधा सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली गाठतो, कारण त्याची चोच लांब असली तरी हलकी असते व टणक लाकडापुढे तिचे फारसे चालत नाही. तांबटाची आखूड, जाड चोच शेवगा किंवा पांगाऱ्याच्या वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीला पुरेशी ठरते. नर आणि मादी आळीपाळीने तीत ढोली कोरतात आणि आडव्या फांदीच्या खालच्या बाजूस वाटोळे दार ठेवतात, त्यामुळे पावसाचे पाणी आत शिरत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा विणीचा मुख्य काळ असून मादी तीन-चार पांढरी अंडी घालते. ती दोघेही साधारण दोन आठवडे उबवतात. छोट्या टूकनची अंडीही पांढरीच असतात, आई-बाप दोघेही ती उबवतात आणि उघडी, आंधळी पिल्ले सुमारे दीड महिना ढोलीतच वाढतात.

तांबटाने सोडलेल्या ढोलीत पुढे पिवळ्या गळ्याची रानचिमणी घर करते, म्हणजे एका वाळक्या फांदीवर दोन कुळांचे संसार होतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी अंगणातील झाडांची छाटणी करताना घराला वा रस्त्याला धोका नसलेली वाळकी फांदी राहू द्यावी आणि तिच्या खालच्या बाजूस वाटोळे भोक दिसल्यास कुऱ्हाड थांबवावी.