खरकट्याचे वजन आणि देशोदेशीचे हिशोब

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी महापालिकेच्या कचरागाड्या अडवल्या. तीन दशकांहून अधिक काळ औरंगाबाद शहराचा कचरा त्यांच्या शिवारात येऊन पडत होता. बिघडलेले पाणी, सततचा धूर आणि दुर्गंधी यांविषयी तक्रारी करून ते थकले होते. पुढच्याच महिन्यात पर्यायी जागेचा शोध सुरू झाला आणि मिटमिटा येथे दगडफेक व लाठीमारापर्यंत प्रकरण गेले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. शहरभर रस्त्यांच्या कडेला ढीग साचले. मोकळी जागा फारशी न उरलेल्या पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीला तेव्हा प्रथमच उमगले, की घंटागाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली म्हणजे कचरा संपत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या गावात जाऊन पोहोचतो.

आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात त्या संकटाची आठवण दुर्गंधीच्या रूपाने टिकून आहे. त्या ढिगांतून आणखी एक पदार्थ बाहेर पडत होता, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. तो म्हणजे मिथेन वायू. ओला कचरा एकावर एक दाबला गेला, आतली हवा संपली, की सूक्ष्म जीव तो कुजवतात आणि त्यातून मिथेन निर्माण होतो. पृथ्वीची उष्णता अडवून धरण्यात तो शंभर वर्षांच्या मोजमापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या मोजमापाने ८० पटींहून अधिक प्रभावी ठरतो. मात्र वातावरणात त्याचा मुक्काम साधारण बारा वर्षांचाच असतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर कार्बन डायऑक्साइड हे पिढ्यान् पिढ्या फिटत न जाणारे कर्ज आहे आणि मिथेन ही जबर व्याजाची, पण अल्पमुदतीची उचल. म्हणूनच तापमानवाढीला लवकर आवर घालू पाहणाऱ्या देशांनी अलीकडे मिथेनकडे मोर्चा वळवला आहे. माणसाच्या व्यवहारातून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे पंचमांश वाटा कचरा आणि सांडपाणी यांचा असतो.

२०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत ‘जागतिक मिथेन प्रतिज्ञा’ जाहीर झाली. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन तीस टक्क्यांनी घटवण्याचा तिचा संकल्प आहे आणि दीडशेहून अधिक देश तिच्यात सामील झाले आहेत. भारत त्यांत नाही. भारतातील मिथेनचा मोठा भाग गुरे आणि भातशेती यांतून येतो. लहान शेतकऱ्याच्या उपजीविकेवर आंतरराष्ट्रीय बंधन नको, ही सरकारची भूमिका समजण्याजोगी आहे. शहरी कचऱ्याला मात्र ही सबब लागू पडत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या साहाय्याने मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्यूनोस आयर्स येथील कचराभूमींवरचे मिथेनचे लोट थेट टिपले गेले. ढिगाखाली काय चालले आहे, ते आता आकाशातून दिसू लागले आहे.

या बाबतीत अभ्यासावे असे उदाहरण दक्षिण कोरियाचे. कोरियन जेवणात मुख्य पदार्थाभोवती छोट्या वाट्यांतून अनेक तोंडीलावणी मांडण्याची रीत आहे. त्यामुळे उरणेही पुष्कळ. १९९५ च्या सुमारास तेथील वाया जाणाऱ्या अन्नापैकी जेमतेम दोन टक्क्यांवर प्रक्रिया होत असे. त्याच वर्षी घरगुती कचऱ्यासाठी विकत घ्याव्या लागणाऱ्या ठरावीक पिशव्या आल्या: जितका कचरा जास्त, तितक्या पिशव्या जास्त. २००५ मध्ये अन्नकचरा थेट जमिनीत पुरण्यास बंदी झाली. २०१३ पासून अन्नकचऱ्याचे शुल्क प्रमाणानुसार आकारले जाऊ लागले. अनेक निवासी संकुलांत कार्ड दाखवल्यावरच पेटीचे झाकण उघडते, टाकलेल्या खरकट्याचे वजन होते आणि ती रक्कम त्या घराच्या खात्यावर चढते. आता ९५ टक्क्यांहून अधिक अन्नकचऱ्यापासून पशुखाद्य, खत किंवा वायू तयार केला जातो. ही व्यवस्था निर्दोष नाही. खारट अन्नापासून बनलेल्या खताला गिऱ्हाईक मिळवणे जड जाते आणि प्रक्रियेचा खर्चही मोठा आहे. परंतु सुनेने भाजी जास्त केली की सासूने बोलावे, याऐवजी बोलण्याचे काम तिथे महिनाअखेरचे बिल करते.

ब्रिटनने कराचा मार्ग धरला. १ ऑक्टोबर १९९६ पासून जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर टनामागे सात पौंड कर बसला. आज त्याचा सर्वसाधारण दर शंभर पौंडांच्या पुढे आहे. यातील खुबी केवळ वाढीत नव्हती. २००८ पासून काही वर्षे दर साल आठ पौंडांची वाढ होत राहील, हे सरकारने आगाऊ सांगून टाकले. पुढच्या पाच वर्षांचा खर्च दिसत असला की भांडवल कोठे घालावे, हे ज्याला त्याला कळते. नगरपरिषदांनी कचरा वेगळा करण्याच्या सोयी उभारल्या, प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांना गिऱ्हाईक मिळाले आणि कचराभूमींतून निघणारा मिथेन १९९० च्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणावर घटला. कर चुकवण्यासाठी कचरा दुसऱ्याच नावाखाली दाखवण्याचे आणि निर्जन जागी फेकून देण्याचे प्रकारही तिथे फोफावले. पण करवसुलीला पळवाट काढणारा माणूस कोणत्या देशात नाही?

जर्मनी आणि स्वीडन यांनी २००५ मध्ये सरळ बंदीच घातली; प्रक्रिया न केलेला, कुजणारा कचरा पुरायचाच नाही. स्वीडनमधील अनेक शहरांत बस अन्नकचऱ्यापासून बनलेल्या वायूवर धावतात. अर्थात उरलेला बराच कचरा हे देश जाळून वीज व उष्णता मिळवतात आणि त्याचा धूर हिशोबातून वजा होत नाही. फ्रान्सचा २०१६ चा कायदा किराणा आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी आवर्जून पाहावा असा आहे. चारशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना खाण्यायोग्य शिल्लक माल नष्ट करता येत नाही. सेवाभावी संस्थांशी करार करून तो द्यावा लागतो आणि दिलेल्या मालाच्या किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत करात सवलत मिळते. तेथे दानधर्म आणि ताळेबंद यांची अशी सांगड घातली गेली.

पैशांचा आणखी एक प्रयोग क्योटो कराराखाली झाला आणि त्याचा शेवट बोधप्रद आहे. श्रीमंत देशांनी गरीब देशांतील उत्सर्जन घटवण्यासाठी पैसे द्यावेत आणि ती घट आपल्या खात्यात जमा करावी, अशी ती योजना होती. तिच्यात नोंदला गेलेला जगातील पहिला प्रकल्प, नोव्हेंबर २००४ मधला, ब्राझीलमधील रिओजवळच्या कचराभूमीतून मिथेन गोळा करण्याचा होता. पुढे अशा पत्रांचा पुरवठा वाढत गेला, मागणी आटली आणि २०१२ च्या अखेरीस एका टनाची किंमत एक युरोच्याही खाली घसरली. ज्या प्रकल्पांचे सारे गणित या उत्पन्नावर बेतलेले होते, ते अडचणीत आले. सरकारी नियमाच्या आधारावर उभा असलेला बाजार नियम सैल होताच कोसळतो, हे कर्ज मंजूर करणाऱ्या कोणालाही नवे वाटू नये.

भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. इंदूरने ते मनावर घेतले. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करू शकणारा जैववायू प्रकल्प सुरू झाला आणि त्या वायूवर शहरबस धावू लागल्या. संभाजीनगरातही २०१८ च्या संकटानंतर चिकलठाणा, पडेगाव येथे प्रक्रिया केंद्रे आणि कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पाला कच्चा माल निर्भेळ लागतो. प्लास्टिकचे चमचे, थर्माकोलच्या वाट्या आणि पाण्याच्या बाटल्या मिसळलेले अन्न तेथे पोहोचले, की यंत्र अडते.

येथे जैन घरांचा संबंध येतो, आणि तो दुहेरी आहे. ताटात कण उरू न देणे, ताट धुऊन ते पाणी पिणे, ही चाल अनेक कुटुंबांत आजही आहे. उष्ट्या अन्नात अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते आणि त्यांची विराधना टाळावी, हा त्यामागचा विचार. शास्त्रकारांनी तो हवामानासाठी सांगितलेला नाही. तसा दावा करणे शास्त्रालाही न्याय देणारे होणार नाही. पण ज्या घरात रोज ताट धुऊन पितात, त्याच घरच्या लग्नात चाळीस-पन्नास पदार्थांची मांडणी असते आणि अर्ध्या भरलेल्या ताटल्या टबांत पडत राहतात. अनेक ठिकाणच्या संघांनी पदार्थांच्या संख्येवर मर्यादा घालणारे ठराव केले आहेत. ठरावाच्या वहीत पदार्थ मोजले जातात. टबांत किती गेले, याची नोंद सहसा कोठेच नसते.

त्याच २०१६ च्या नियमांत फारसे कोणी न वाचलेले एक कलम होते. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक लोकांचा कार्यक्रम करायचा, तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे लागे आणि कचरा जागच्या जागी वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकाची असे. मैदानात मांडव घालून केलेली गौतमप्रसादी किंवा पारण्याचे सामुदायिक भोजन या कलमात सहज बसत असे.

हजार पानांच्या जेवणात माणशी शंभर ग्रॅम खरकटे धरले, तरी क्विंटलभर अन्न होते. ते मोजायला कोरियासारखी कार्डाची पेटी लागत नाही. खरकट्यासाठी वेगळे पिंप आणि दुकानातला काटा पुरतो. केटररशी दर ठरवताना पानाचा भाव, पदार्थांची यादी आणि वाढप्यांची संख्या यांची चर्चा होतेच. त्याच कागदावर आणखी दोन ओळी बसतात: खरकटे प्लास्टिकविरहित वेगळ्या पिंपात द्यावे, आणि रात्री पिंप उचलण्यापूर्वी त्याचे वजन यजमानाला कळवावे.