फुंकरीतला आकडा

1991 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये लार्स गुस्टाफसन आणि सहकाऱ्यांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड सापडला. तोवर हा वायू बहुतेकांना माहीत होता तो गाड्यांच्या धुरातला. दोनच वर्षांत शेल अल्विंग यांच्या गटाने दाखवले, की दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो. अ‍ॅलर्जीने श्वासनलिका सुजली की तिचे अस्तर हा वायू अधिक बनवते आणि स्टेरॉइडचा पंप सुरू झाला की तो उतरतो.

बालरोगतज्ज्ञांना याचे मोल लगेच कळले. तोवर सूज तपासायची तर दुर्बीण आत घालायची, नाहीतर खारट वाफ देऊन बेडका काढायला लावायचा. सहा वर्षांचे पोर बेडका गिळून टाकते. फुंकर मात्र मारते!

फुंकरही मोजूनमापून हवी. 2005च्या अमेरिकी-युरोपीय नियमांनुसार वेग सेकंदाला 50 मिलिलिटर, आणि बारा वर्षांखालच्या मुलांनी निदान 4 सेकंद टिकवायची. जोरात फुंकले की आकडा घसरतो. फुंकताना नळी थोडा अडथळा करते, त्यामुळे पडजीभ वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते. नाकात हा वायू कितीतरी जास्त असतो. काही यंत्रांच्या पडद्यावर एक ढग असतो, तो ना वर जाऊ द्यायचा ना खाली. पोरे त्यात अगदी रमतात.

2011मध्ये अमेरिकेत मुलांसाठी सीमा ठरल्या : हवेच्या अब्ज भागांत 20पेक्षा कमी म्हणजे अशी सूज असण्याची शक्यता कमी, 35च्या वर म्हणजे दाट. मग आकडा बघून औषधाची मात्रा ठरवावी, ही आशा वाढली. 2022 साली ब्रिटनमधल्या 509 मुलांच्या चाचणीत मात्र, लक्षणांच्या जोडीला आकडाही पाहून उपचार केल्याने दम्याचे झटके कमी झाले नाहीत. सगळा दमा या एका सुजेचा नसतो. उलट नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीनेही आकडा चढतो, पालक-बीट खाल्ल्यानेही.

तरीही फुंकरीची ही तपासणी मला मोलाची वाटते. पंप लिहून दिलेला असताना आकडा चढाच राहिला, तर औषध वाढवण्याआधी विचारावे, पंप रोज घेतला जातो का, नीट ओढला जातो का. ‘पंपाची सवय लागेल’ या धास्तीने आपल्याकडे खोकला थांबला की पंप कपाटात जातो. अशा वेळी आईला समजावताना हा आकडा हाताशी असावा.

2024च्या ब्रिटिश मार्गदर्शनाने 5 ते 16 वर्षांच्या मुलांत, लक्षणे दम्याची असतील तर, निदानासाठी आधी हीच तपासणी करायला सांगितले आहे. पाचाखालच्या मुलांना अशी फुंकर सहसा जमत नाही. तिथे अजून आईवडिलांनी सांगितलेली हकीकत आणि स्टेथोस्कोप यांवरच भिस्त आहे.