कमी चाललेली गाडी, लांबचा उन्हाळा

खापरखेड्यात घरच्या चारचाकीचं आयुष्य छोट्या फेऱ्यांत जातं. रविवारी कोराडीवरून नागपूर, लग्नसराईत सावनेर नाहीतर कामठी. बाकीचे दिवस ती क्वार्टरसमोर उभी. मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्या लागल्या की हीच गाडी एकदम पचमढीला, शिर्डीला किंवा थेट कोकणात न्यायचं ठरतं. मालक अभिमानाने सांगतो, "गाडी चाललीच कुठे? सहा वर्षांत वीस हजार!" खरं तर हे ऐकून निघण्याआधी धास्ती वाटायला हवी.

किलोमीटरवरून गाडीचं अर्धंच वय कळतं. रबर, ऑइल, बॅटरी आणि ब्रेकचं तेल उभ्या उभ्याही म्हातारे होतात, आणि विदर्भाच्या उन्हात जरा लवकरच. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतप्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या रबराला काय सोसावं लागतं, ते यावरून समजावं.

सुरुवात टायरपासून. वीस हजार चाललेल्या टायरची नक्षी जवळजवळ नवी दिसते आणि तिथेच फसगत होते. टायरच्या बाजूवर, कधी आतल्या अंगाला, लांबट चौकटीत चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षं उलटली असतील तर जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. बाजूवर केसासारख्या भेगा दिसल्या तर नक्षी कितीही शाबूत असो, तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये. स्टेपनीचं वयही बघावं. ती कधी वापरली नाही म्हणून ताजी राहत नाही.

आता हवा. पंक्चरवाला हमखास म्हणतो, "भाऊ, उन्हाळा हाये, दोन पॉइंट कमीच ठेवतो." हा सल्ला नम्रपणे नाकारावा. ऊन चढलं की टायरमधला दाब वाढतो हे खरं. दहा अंशांनी साधारण दीड पॉइंट. पण कंपनीने तो हिशोब आधीच धरलेला असतो. खरी आग आतून लागते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि त्या दबण्या-सुटण्यातून उष्णता तयार होते. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. त्या वेगात छोट्या गाडीचं चाक सेकंदाला अठराएक वेळा फिरतं, म्हणजे टायरची भिंत तासाला साठ हजारांहून जास्त वेळा दबते. त्यात रस्ता बहुतांश काँक्रीटचा, सरळ आणि थांबे लांब. या मार्गाचा पहिला टप्पा नागपूरजवळच्या शिवमडका येथून ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांचा विषय लगेच पुढे आला. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर पाच माणसं आणि डिकीभर सामान नेताना तोच धरावा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. नायट्रोजनसाठी अडून बसू नये. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावाची. १३४० मेगावॉटचं वीज केंद्र, कोळशाचे ट्रक आणि राख. ही राख गाडीवर बसते तशी पुढच्या जाळीतून आतही शिरते. आत एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर असतो. दोन्हींच्या पातळ पत्र्यांच्या फटीत राख, किडे आणि ओल मिळून थर धरतात. वीज केंद्रात काम करणाऱ्याला हे समजावायला नको: कूलिंग टॉवर नीट चालला नाही तर युनिटचं काय होतं, तेच इथे होतं. गावात एसी गार वाटतो, पण घाटात चढताना हवा कोमट येते आणि तापमानाचा काटा वर सरकतो. गाडी थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने, शक्य असेल तर आतून बाहेर, हे पत्रे धुवावेत. जोरदार प्रेशरने पत्रे दुमडतात. एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरही बघावा. राख मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिनाची, म्हणून कोरडी काच वायपरने पुसू नये, ओरखडे पडतात.

कूलंटमध्ये नळाचं पाणी घालायची सवय जुनी आणि वाईट. त्यातले क्षार आत साचतात. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनी सांगेल तो कूलंट, एवढंच. काटा वर गेला तर बाजूला थांबावं, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांपुढेही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते वाफ होऊन अंगावर येतं.

पचमढीचा बेत असेल तर सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया असा रस्ता आहे. चढाईची सगळ्यांना काळजी, परीक्षा मात्र उतरताना. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. जुन्या तेलाचा उत्कलनबिंदू उतरतो आणि सतत ब्रेक दाबून ते तापलं की पाय पोकळ जातो. साधारण दोन वर्षांत ते बदलावं आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये यावं. इंजिन ऑइलही वर्षाच्या मुदतीने बदलायचं असतं, कमी चालली तरी. छोट्या फेऱ्यांत बॅटरी पुरती भरत नाही, म्हणून तीही दुकानात तपासावी. आणि बॉनेट उघडून वायरी बघाव्यात. उभ्या गाडीत उंदीर सुखाने नांदतात.

कागद, विमा, पीयूसी, फास्टॅगची शिल्लक हे सगळे जाणतात. सीएनजी असेल तर सिलिंडरची तीन वर्षांची तपासणी झाली का, हे मात्र बरेच जण विसरतात. मागच्या सीटचा पट्टा गादीखाली गेलेला असतो, तो बाहेर काढावा. सॅनिटायझर, लायटर, डिओचे डबे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नये. आठ-दहा दिवस आधी करावं आणि मग एक दिवस दुपारी एसी लावून, घरच्यांना घेऊन सावनेरच्या पुढे सौंसरपर्यंत जाऊन यावं. सैल राहिलेला नटबोल्ट, उतरणारी हवा, गळणारा पाइप, जे काय असेल ते तिथेच कळतं, आणि मेकॅनिककडे जायला आठवडाही हाताशी राहतो.