गोठ्याची दुहेरी कुडाची भिंत

भंडारा जिल्हा हा तलावांचा व धानाचा. महसुली नोकरीच्या काळांत तुमसर, साकोली, पवनी या बाजूंच्या पुष्कळ खेड्यांत आमचें जाणें झालें. तेथील गोठे बहुधा एकाच धर्तीचे आढळले: लाकडी खांब जमिनींत पुरलेले, छपरास कवेलू, आणि बाजूंस बांबूच्या कामट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा. अलीकडे कूड काढून लोखंडी पत्रे ठोकण्याची चाल पडली आहे. पत्रा टिकाऊ खरा. परंतु वैशाखांत तो तव्यासारखा तापतो आणि त्याची धग जनावरांस लागते. म्हशीचें कातडें काळें व तिला घाम थोडा. म्हणून ही धग तिला गाईहून अधिक बाधते. ती चारा कमी खाते, आणि दूध आटतें.

यावर उपाय आपल्या खळ्यांतच आहे. स्थिर कोंडलेली हवा उष्णतेस सहसा वाट देत नाहीं. सुक्या तणसाच्या किंवा तुसाच्या थरांत अशी हवा भरपूर असते. त्यामुळें तेवढ्याच जाडीच्या मातीच्या भिंतींतून जितकी उष्णता वाहते, तिचा सुमारें दहावा हिस्साच तणसांतून वाहतो. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत आर्थर या गांवीं १९२८ सालीं तणसाच्या गठ्ठ्यांचें एक प्रार्थनामंदिर बांधलें गेलें. तें आजही उभें आहे.

कृति अशी. हातभर दगडी जोतें घालून त्यावर खांबांच्या बाहेरून एक व आंतून एक असे दोन कूड उभे करावे. मध्यें चार इंच पोकळी राहावी. दोहोंस शेणमाती लिंपून तीं पुरतीं वाळूं द्यावी. नंतर वरून धानाचा कोरडा तूस भरून दाबावा. तुसांत वाळूच्या जातीचें द्रव्य पुष्कळ असल्यामुळें तो तणसापेक्षां उशीरा कुजतो. १५ फूट लांब व ६ फूट उंच भिंतीस सुमारें एक क्विंटल तूस लागतो; म्हणजे पांच क्विंटल धान भरडल्यावर निघतो तितका. वर्षभरांत तूस खालीं बसतो, तेव्हां वरून भर घालावी.

तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली ओल: ओला तूस निरुपयोगी, म्हणून छपराची वळचण दोन फूट बाहेर असावी. दुसरी वारा: भिंत छपरास भिडवूं नये, मूत्राची उग्र वाफ निघून जाण्यास वर हातभर जागा मोकळी ठेवावी. तिसरी आग: तूस कोठेंही उघडा राहूं नये, आणि विजेची तार भिंतींतून नेऊं नये.

छपरावर पत्रा असेल, तर त्याखालीं बांबूचे तट्टेही बांधावे. दुपारचें ऊन वरूनच येतें. सर्व भिंती एकदम करण्याचें कारण नाहीं. धानाची मळणी आटोपली कीं प्रथम पश्चिमेची एकच भिंत करावी, आणि एका उन्हाळ्यांत दुधाचा हिशेब पाहून मग पुढील खर्चास हात घालावा.