उसाची वीज आणि कोयत्याचा हिशेब

मी चिंचणीला राहतो. गावाच्या दक्षिणेला तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, उत्तरेला डहाणूचे औष्णिक केंद्र. १९६९ साली भारतातील पहिली अणुवीज तारापूरला तयार झाली. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते. वीज कशापासून तयार होते हे ऐकले की ती कोणाच्या जिवावर तयार होते, असे तो लगेच विचारतो.

माझे मूळ गाव बीड जिल्ह्यातले. नोकरीने मला इकडे आणले. पालघर जिल्ह्यातील शाळांत मराठवाड्याचे शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांपैकीच मी एक. माझे माय-बाप ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भीमनगरात म्हातारी माणसे आणि कुत्री तेवढी उरत. पुढे मला आजीजवळ ठेवले म्हणून माझी शाळा टिकली; मोठ्या बहिणीला फडावर धाकट्याला सांभाळायला नेले, तिची सुटली.

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासवर्गात बोईसरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुणाने विचारले, "सर, साखर कारखाने आता वीज आणि पेट्रोल काढणार म्हणतात. मग आपल्या लोकांचं काय होणार?" प्रश्न दोन होते. पहिला उसाचा, दुसरा माणसांचा. पहिला समजल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून आधी ऊस पाहू.

कारखान्यात एक टन ऊस गाळला की साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर निघते. रस पिळून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, पावणेतीनशे ते तीनशे किलो भरतो. त्यात निम्मे पाणी असते. साखर काढून घेतल्यावर चाळीस-पंचेचाळीस किलो मोलॅसिस उरते, ज्याला आपण मळी म्हणतो. रस गाळताना तीस-चाळीस किलो गाळ निघतो, तो प्रेसमड. उरलेला बहुतेक भाग पाण्याचा.

बगॅस जाळून वाफ करणे ही काही नवी विद्या नव्हे. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, त्याच्याही आधीपासून साखरेचा रस बगॅसच्याच आचेवर आटत आला आहे. पण जुने बॉयलर कमी दाबाचे. वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला एकवीस किलोच्या आसपास. त्यात बगॅस कसाबसा संपवायचा, ढीग साचू द्यायचा नाही, एवढाच हेतू. नवे बॉयलर ६७, ८७, ११० किलो दाबाचे आहेत. ही वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज तयार करते, आणि उरलेल्या उष्णतेवर रस आटवते. एकाच आगीकडून दोन कामे करून घ्यायची, हीच सहवीजनिर्मिती. चांगल्या कारखान्यात टनामागे शंभर युनिटच्या आसपास वीज निघू शकते. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज बाहेर विकली जाते. मात्र सौरवीज स्वस्त झाल्यापासून बगॅसच्या विजेचा दर हा कारखान्यांच्या तक्रारीचा विषय झाला आहे.

दुसरी वाट इथेनॉलची. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षे रखडला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने त्याला गती आली. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते अलीकडे ओढले गेले. २०२२ मध्ये दहा टक्के झाले, २०२५ मध्ये वीस टक्के. आज बोईसरच्या पंपावर मी स्कूटरमध्ये जे पेट्रोल भरतो, त्यात पाचवा हिस्सा शेतातून आलेला असतो. एक टन शेवटच्या मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघते. साखर पूर्ण न काढता आधीच्या टप्प्यावरची मळी वापरली तर अधिक, आणि थेट रसापासून केले तर साखरच होत नाही. प्रेसमडपासून आता वाहनांत भरण्याचा गॅसही तयार होऊ लागला आहे.

हे भविष्य वाटते तितके निर्धोक नाही. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबरला केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. ती पुढे शिथिल झाली, पण दरम्यान मक्याच्या इथेनॉलने मोठी जागा घेतली. दुसरी गोष्ट पाण्याची. महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास हिस्सा तो पितो, असे कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे. जळालेल्या उसाचा कार्बन पुढच्या उसात परत येतो म्हणून ही ऊर्जा नवीकरणीय, हे खरे. पण मराठवाड्यातली आटलेली विहीर कोणत्या ऊसाने परत भरणार?

आता दुसरा प्रश्न, माणसांचा.

फडात नवरा-बायकोला मिळून "एक कोयता" म्हणतात. दोन माणसे, चार हात, मोजायला मात्र एक अवजार. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. आजारी पडून एक दिवस बुडाला तर खाडा. तो पैसा उचलीत वाढतो आणि हंगाम संपतो तरी उचल संपत नाही. ऊस तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठायचे.

एक कोयता दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, आणि त्यानंतर दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. म्हणजे दोघांची दिवसाची मजुरी सातशेच्या थोडी पुढे. त्या दोन टनांतून सुमारे दोनशे दहा किलो साखर निघते. सहाशे किलोपर्यंत बगॅस निघतो, त्यातून दोनशे युनिटच्या घरात वीज. मळीतून एकोणीस लिटर इथेनॉल. या इथेनॉलला २०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने लिटरला ५७.९७ रुपये दर ठरवला होता, म्हणजे एकूण अकराशे रुपये. कारखान्याला यंत्रांचा, कर्जाचा, कामगारांचा खर्च आहे हे मला मान्य. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: एकेकाळी टाकाऊ समजल्या गेलेल्या मळीची किंमतच दोन माणसांच्या दिवसभराच्या घामापेक्षा जास्त आहे.

आणि उपपदार्थांच्या किमतीत वाटा देता येत नाही, असे तर मुळीच नाही. रंगराजन समितीने २०१२ साली सांगितले की साखर आणि उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होते त्याचे सत्तर टक्के ऊस पिकवणाऱ्याला मिळावेत. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. बगॅसवर आणि मळीवर शेतकऱ्याचा हक्क आहे हे तत्त्व कायद्याने मानले. योग्यच झाले. पण त्या वाटणीच्या कागदावर दोनच नावे आहेत, कारखाना आणि शेतकरी. तोडणाऱ्याचे नाव नाही. सहकारी कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद होण्यासाठी उसाची जमीन लागते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीनच मिळू दिली नाही, तो सहकाराच्या दाराबाहेर राहिला. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचे ठरले. कल्याण आणि हक्क यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको.

बायांची गोष्ट तर हिशेबात बसतच नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी आली म्हणून खाडा पडू नये, यासाठी शरीराचा भागच काढून टाकणारी ही व्यवस्था. हिरवे इंधन म्हणताना हा रंगही डोळ्यांपुढे असू द्यावा.

आता तोडणीची यंत्रे येत आहेत. माझ्या मायच्या मानेकडे पाहून मी यंत्राला विरोध करू शकत नाही. मोळी वाहण्यात कसली प्रतिष्ठा? पण यंत्र मालकाच्या नावावर आणि उचल मजुराच्या नावावर राहिली, तर मुक्ती झाली ती फक्त मालकाची.

येथे बाबासाहेबांचे एक कार्य आठवावे, ज्याची चर्चा आपल्यातही कमी होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ मध्ये वीजधोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मुळातला प्रश्न घातला की वीज हवी कशासाठी. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, आणि उद्योगांशिवाय या देशातील दरिद्री माणसाची सुटका नाही, असे त्यांचे उत्तर होते. त्यांच्या दृष्टीने वीज हे साधन होते, माणसाची सुटका हे साध्य. उसाच्या विजेलाही हीच कसोटी लावावी लागेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी तोडणीचा दर वाढवा एवढ्यावर थांबू नये. वीज, इथेनॉल आणि गॅस यांच्या उत्पन्नात तोडणाऱ्याचा ठरलेला हिस्सा कायद्यात लिहून घ्यावा. कोयता एक न मोजता माणसे दोन मोजावीत आणि बाईच्या नावावर तिची मजुरी जमा व्हावी. उचलीऐवजी कारखान्याने थेट नेमणूकपत्र द्यावे. तोडणीयंत्रांना सरकारी अनुदान द्यायचेच, तर तोडणी कामगारांच्या संस्थांना आधी द्यावे. यांतली एकही मागणी अशक्य नाही. शेतकऱ्यांसाठी कायदा करता आला, तर यांच्यासाठीही येईल.

चिंचणीच्या पूर्वेला पाड्यावर माझी शाळा आहे. तेथे ऊस नाही. पण दिवाळीनंतर हजेरी घेताना वारली मुलांची नावे एकामागून एक गैरहजर पडत जातात. ती आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. त्या आठवड्यात मी हजेरीपट बंद करतो तेव्हा मला बहिणीची शाळा आठवते. तिथल्या गुरुजींनीही तिच्या नावापुढे अशीच फुली मारली असेल.